न फुलणाऱ्या कलांचोची गोष्ट

गेल्या खेपेला आम्ही कोरफडीविषयी लिहिले होते. ते वाचून बऱ्याच जणींनी एकच तक्रार केली. कोरफड औषधी खरी, गुणी खरी, पण दिसायला हिरवीच्या हिरवी. एका खिडकीच्या घरात मावेल, रोज पाणी मागणार नाही आणि घराला थोडा रंगही आणील, असे एखादे झाड सांगा, असे त्यांचे म्हणणे.

असे झाड आहे. त्याचे नाव कलांचो. डिसेंबर ते मार्च या दिवसांत कोणत्याही रोपवाटिकेत जा, दाराशीच मांडलेले दिसते. उंची वीतभर. पाने जाड, मांसल, गडद हिरवी, कडेला बोथट दाते असलेली. उन्हात ठेवले तर पानांच्या कडांवर लाली चढते. मधून वर दांडे येतात आणि त्यांवर बारीक फुलांचे झुबके. लाल, पिवळा, केशरी, गुलाबी, पांढरा, हवा तो रंग घ्या. साध्या जातीच्या फुलाला मोजून चार पाकळ्या असतात. हल्ली भरगच्च पाकळ्यांच्या, लहानशा गुलाबासारख्या दिसणाऱ्या जातीही मिळतात. एकदा फुलले की सहा ते आठ आठवडे फूल टिकते.

पण हे झाड घरी आणणे जितके सोपे, तितकेच त्याला दुसऱ्या वर्षी फुलवणे अवघड. पुष्कळ घरांत पहिला बहर ओसरला की झाड नुसत्या पानांचे होऊन बसते आणि शेवटी कचऱ्याच्या डब्यात जाते. आमच्या चाळीतल्या अक्कांचे झाडही तसेच जायचे. ते का गेले नाही, ही गोष्ट आज सांगणार आहोत. सांगायचे आणखी एक कारण असे, की त्यात आमचीही चूक झाली होती.

निरोपाची भेट

अक्का एका रुग्णालयात आया होत्या. तीस वर्षांच्या वर त्यांनी ती नोकरी केली. ३१ जानेवारी २०२३ या दिवशी त्या निवृत्त झाल्या. वॉर्डातल्या परिचारिकांनी वर्गणी काढून त्यांना शाल दिली, स्टीलचा डबा दिला आणि लाल फुलांनी डवरलेली कलांचोची एक कुंडी दिली. अक्का ती कुंडी मांडीवर धरून रिक्षातून घरी आल्या.

अक्का एकट्याच राहतात. यजमान जाऊन बारा वर्षे झाली. मूलबाळ नाही. नोकरी होती तोवर दिवस निघून जायचा, पण निवृत्तीनंतर संध्याकाळ खायला उठू लागली. मग एक दिवस त्यांनी शेजारच्या दोन मुलींना हाक मारली, "तुमच्या घरी टीव्ही चालू असतो, पोरं रडतात. माझ्याकडं बसा अभ्यासाला." दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सात. संध्याकाळी सहाला मुली येतात आणि रात्री बारापर्यंत अक्कांच्या खोलीतली ट्यूबलाइट जळते. मधे एकदा चहा होतो. अभ्यासाची ही खोली आमच्या चाळीची शान आहे, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

कलांचोची कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर होती आणि ट्यूबलाइट बरोबर तिच्या डोक्यावर. ही गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हा ती आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

अति तेथे माती

मार्चच्या मध्याला फुले वाळली. अक्कांनी झाडाचे लाड सुरूच ठेवले. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. उन्हाळ्यात ते कसेबसे खपून गेले. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, तरी तांब्या काही थांबला नाही. जुलैमध्ये खालची पाने पिवळी पडून गळू लागली. खोडाचा बुंधा काळा आणि मऊ झाला. पाने मलूल दिसली म्हणून अक्कांनी आणखी पाणी घातले. अति तेथे माती म्हणतात ती अशी.

इथे जरा थांबून या झाडाचा स्वभाव समजून घेऊ.

कलांचो मूळचा मादागास्कर बेटावरचा. १९३२ साली रॉबर्ट ब्लॉसफेल्ड या जर्मन गृहस्थांनी तो जर्मनीतल्या पॉट्सडॅमला नेला आणि तिथून तो जगभरच्या खिडक्यांत पोचला. त्याच्या शास्त्रीय नावात ब्लॉसफेल्ड यांचे नाव म्हणूनच जोडलेले आहे. आपल्याकडची पानफुटी ही त्याचीच बहीण, आणि तीही मूळची मादागास्करचीच. पान मातीवर टाकले की कडेच्या खाचांतून रोपे फुटतात ती पानफुटी तुम्ही सर्वांनी पाहिली असेल.

या घराण्यातली झाडे पाणी पानात साठवतात. आपण घरात पिंप भरून ठेवतो तसे. शिवाय ते पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती केलेली आहे. झाडाच्या पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक रंध्रे असतात. बहुतेक झाडे ती दिवसा उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पण भर उन्हात दार उघडे ठेवले तर आतले पाणी वाफ होऊन जाते. म्हणून पानफुटी-कलांचोची मंडळी दिवसा दार लावून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा उजेड मिळाला की त्यापासून साखर तयार करतात.

या युक्तीचा एक जुना सुगावा आपल्याच देशात लागला, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. मद्रास इलाख्यात बेंजामिन हाइन नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पानफुटीचे पान सकाळी चावले तर आंबट लागते, दुपारी बेचव लागते आणि संध्याकाळी किंचित कडवट, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तसे लंडनला पत्राने कळवले आणि १८१५ साली लिनियन सोसायटीच्या ग्रंथात ते छापून आले. रात्रभर साठलेले आम्ल सकाळी जिभेला लागत होते आणि दिवसभरात ते खर्ची पडत होते. एवढी मोठी गोष्ट एका पानाच्या चवीवरून कळली. मात्र हा प्रयोग तुम्ही करू नका. का, ते शेवटी सांगतो.

सांगायचा मुद्दा असा, की पाण्याची एवढी काटकसर करणाऱ्या झाडाला दोन वेळा तांब्याभर पाणी म्हणजे छळच. भिजलेल्या मातीत हवा राहत नाही, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. आपल्याला वाटते झाडाला तहान लागली आहे. खरे तर ते बुडत असते.

पाणी कधी घालावे याची सोपी परीक्षा आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसा. आत ओल लागली तर पाणी घालू नका. कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत एकदाच भरपूर घाला आणि बशीत साठलेले पाणी ओतून टाका. हिवाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी पाणी लागते, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. पावसाळ्यात कॅलेंडर पाहूच नका, बोटाचेच ऐका. पाणी मातीत घाला, पानांवर आणि फुलांवर शिंपडू नका.

मेलेल्यातून जिवंत

अक्कांच्या झाडाचा बुंधा गेला होता, पण शेंडे अजून टणक होते. असे झाले तर घाबरू नका. धारदार ब्लेडने बोटभर लांबीचे, निरोगी शेंडे कापून घ्या. कापलेल्या जागी आत काळी रेघ दिसली तर आणखी वर कापा. खालची दोन-चार पाने काढून टाका. मग, भगिनींनो, ते लगेच मातीत खोचायचे नाहीत. दोन-तीन दिवस सावलीत कागदावर तसेच पडू द्या. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरली पाहिजे. ओल्या जखमेने मातीत गेले की ते पुन्हा कुजतात. खपली धरल्यावर जाड रेतीत लावा आणि रेती जेमतेम ओलसर ठेवा. दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात.

अक्कांचे पाच शेंडे आम्ही असे लावले. तीन जगले.

माती कशी असावी तेही सांगतो. एक भाग साधी बागेची माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. रेती नदीची आणि धुतलेली असावी, समुद्राची नको, कारण तिच्यात मीठ असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या भगिनींनी नुसती काळी माती मुळीच वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी होऊन तडकते. त्यांनी रेतीचे प्रमाण वाढवावे, विटांचा चुराही मिसळावा. रोपवाटिकेतून आणलेले झाड पुष्कळदा नुसत्या नारळाच्या भुश्शात लावलेले असते. तो एकदा कोरडाठाक झाला की वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते, मुळांपर्यंत पोचत नाही. म्हणून पहिला बहर संपला की झाड वरच्या मिश्रणात बदलून लावावे.

कुंडी मातीची सर्वांत चांगली, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. ती नसेल तर तेलाचा डबा किंवा रंगाची रिकामी बादली चालते, मात्र नीट धुऊन, खिळ्याने तळाला पाच-सहा भोके पाडून. भोक नसलेली शोभेची कुंडी कितीही सुंदर असली तरी या झाडाचा जीव घेते.

आमची चूक

नव्या रोपांनी छान जीव धरला. २०२३ चा डिसेंबर आला, रोपवाटिका कलांचोने लाल-पिवळ्या झाल्या, पण अक्कांच्या झाडाला कळी नाही. जानेवारीत त्यांनी आम्हाला विचारले, "ताई, तुम्ही पेपरात झाडांवर लिहिता. याला काय झालंय?"

आम्ही झाडाकडे धड पाहिलेसुद्धा नाही. "खत कमी पडत असेल," म्हणून मोकळे झालो. अक्कांनी बिचारीने पेन्शनच्या पैशांतून खताची पुडी आणली. झाडाला तळहाताएवढी पाने आली, हिरवीगार, तजेलदार. फूल एकही आले नाही. नत्र जास्त झाले की झाडाचा सगळा भर पानांवर जातो, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते. कलांचोला खत लागते, पण थोडे. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पुडीवर लिहिले असेल त्याच्या निम्मे, एवढे पुरे.

मार्च उजाडला. नळावर पाणी भरताना एक जण हसत म्हणाली, "अक्का, झाड वांझ दिसतंय तुमचं. टाकून द्या आणि दुसरं आणा."

अक्का काही बोलल्या नाहीत. हंडा उचलून निघून गेल्या. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या कुंडीतली गळलेली पाने वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झाडाला पण वांझ म्हणायचं का हो ताई? बाईला म्हणतात ते पुरे नाही का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. हा शब्द त्यांनी किती वर्षे ऐकला असेल, कुणाकुणाच्या तोंडून ऐकला असेल, त्याचा हिशोब आम्ही कसा करणार? तेव्हा एवढेच ठरवले, की हे झाड का फुलत नाही ते नीट शोधून काढायचे. अंदाजाने काहीही सांगायचे नाही.

"आपणच त्याला झोपू देत नाही"

पण उत्तर आम्ही शोधले नाही. ते शोधले अक्कांच्याच खोलीत बसणाऱ्या बारावीच्या एका मुलीने.

२०२४ च्या दिवाळीची सुट्टी संपत आली होती. ती जीवशास्त्राचे पुस्तक मोठ्याने वाचत होती. काही झाडांना फुलण्यासाठी लहान दिवस लागतात, त्यांना लघुदिन वनस्पती म्हणतात, असा तो धडा होता. वाचता वाचता ती थांबली. तिने वर ट्यूबलाइटकडे पाहिले, मग खाली कुंडीकडे पाहिले आणि म्हणाली, "अक्का, हे फुलणार कसं? आपणच त्याला झोपू देत नाही."

तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. भगिनींनो, झाडे दिवस-रात्रीची लांबी ओळखतात, हे १९२० साली अमेरिकेतल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवर प्रयोग करून दाखवून दिले. पुढे असे कळले, की या झाडांच्या लेखी दिवसापेक्षा रात्रीचा अखंड अंधार महत्त्वाचा. रात्र किती लांब झाली ते पाने ओळखतात आणि निरोप शेंड्याला पोचवतात. आपली शेवंतीही याच स्वभावाची. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते. शेवंतीला उशिरा फुलवायचे असेल तर शेतात रात्री दिवे लावतात, तेही याच कारणाने.

कलांचोचेही तसेच. त्याला कळ्या धरण्यासाठी रोज तेरा-चौदा तासांचा सलग अंधार लागतो, आणि तो सुमारे सहा आठवडे. मुंबईकडे डिसेंबरात रात्र साधारण तेरा तासांची असते. म्हणजे झाड नुसते उघड्यावर, दिव्यांपासून दूर असते तर आपोआप फुलले असते. पण अक्कांच्या खोलीत रात्र सुरू व्हायची बारा वाजता! झाडाच्या हिशेबी तिथे बारमाही उन्हाळाच होता. मधूनच दिवा लागला तरी लांब रात्र मोडते आणि झाडाला ती एक लांब रात्र न वाटता दोन छोट्या रात्री वाटतात.

आता पंचाईत अशी, की दिवा तर बंद करता येत नव्हता. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. एक धाकटी म्हणाली, "आम्ही दहाला उठून जाऊ का?" अक्का ताडकन म्हणाल्या, "दिवा बंद होणार नाही. झाड नाही फुललं तर नाही फुललं. तुमचं वर्ष परत येणार नाही."

तेव्हा त्याच बारावीच्या मुलीने कोपऱ्यातला पंख्याचा रिकामा खोका ओढला आणि कुंडीवर पालथा घातला. म्हणाली, "दिवा आपल्याला, अंधार त्याला."

बेचाळीस रेघा

१२ नोव्हेंबरपासून क्रम सुरू झाला. संध्याकाळी सहाला जी मुलगी पहिली येईल तिने खोका घालायचा. सकाळी आठला अक्कांनी काढायचा आणि कुंडी उन्हात सरकवायची. रोज एक रेघ पेन्सिलीने खोक्यावर ओढायची. खोक्याच्या फटींतून उजेड जाऊ नये म्हणून अक्कांनी आतून जुन्या लुगड्याचे काळे काठ चिकटवले. दोन वेळा खोका घालायचा राहिला, एकदा लग्नाला गेल्यामुळे आणि एकदा विसरल्यामुळे. त्या रात्रीची रेघ ओढली नाही, तेवढे दिवस पुढे वाढवले.

डिसेंबरच्या शेवटी बेचाळीस रेघा पुऱ्या झाल्या तेव्हा शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात मोहरीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या दिसत होत्या. अक्कांनी चष्मा लावून तीनदा पाहिल्या. मग आम्हाला हाक मारली. मग सगळ्या चाळीला.

कळ्या स्पष्ट दिसल्यावर खोका काढून टाकला तरी चालते. पुढे झाडाला फक्त उजेड आणि बेताचे पाणी हवे. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, बारावीची परीक्षा तोंडावर आली असताना, पहिले लाल फूल उमलले. त्यानंतर तीन कुंड्यांवर मिळून किती झुबके आले ते आम्ही मोजले नाही. नळावरची ती बाई स्वतः पाहायला आली. "मी उगाच बोलले अक्का," म्हणाली. अक्का म्हणाल्या, "बस. चहा टाकते."

थोडक्यात कृती

ज्यांच्या घरी न फुलणारे कलांचो असेल त्यांच्यासाठी सारी कृती क्रमाने देत आहोत. हा भाग कापून ठेवा.

बहर संपला की वाळलेले दांडे मुळाशी कापा. झाडाला महिनाभर विश्रांती द्या, पाणी कमी करा. मग कुंडी बदला आणि लांबलेल्या फांद्या खुडा, म्हणजे झाड डेरेदार होते.

उजेड भरपूर हवा. पूर्वेची खिडकी उत्तम, सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळाले की पुरे. एप्रिल-मेचे दुपारचे ऊन मात्र पाने करपवते, त्या दिवसांत आडोसा करा. उजेड कमी पडला तर झाड किडकिडीत होऊन खिडकीकडे मान टाकते.

ऑक्टोबरचा उकाडा सरला की, म्हणजे नोव्हेंबरात, अंधार सुरू करा. फार गरमीत कळी धरायला उशीर होतो. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, सलग बेचाळीस रात्री. ज्यांच्या गच्चीवर किंवा गॅलरीत रात्री दिवा पडत नाही, त्यांनी कुंडी तिथे ठेवली तरी खोक्याची गरज नाही. मात्र रस्त्यावरचा दिवा समोरच नाही ना, हे पाहा. दिवसा झाड उजेडातच हवे. दिवसासुद्धा झाकून ठेवले तर ते उपाशी मरेल. सुरुवातीपासून फूल उमलेपर्यंत साधारण तीन महिने धरून चाला.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर ते पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, आठवड्याने पुन्हा पाहा. कोणताही फवारा आधी एका पानावर मारून पाहा, मगच सगळ्या झाडावर. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. अशी पाने काढून टाका आणि कुंडी वारा खेळेल अशी ठेवा.

एक महत्त्वाची सूचना

कलांचो आणि पानफुटी यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. ही झाडे खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आहेत. कुत्र्या-मांजरांनाही ती बाधतात. म्हणून कुंडी रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, आणि छाटलेल्या फांद्या शेळीपुढे टाकू नका. आपल्याकडे मुतखड्यावर पानफुटीची पाने खाण्याची पद्धत आहे. कुणी सांगितले म्हणून रोज पाने चावणे धोक्याचे आहे. विशेषतः ज्यांना हृदयाचा विकार आहे किंवा त्यासाठी गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नये. हाइनसाहेबांचा चवीचा प्रयोग करू नका म्हणालो, ते याचसाठी.

जाता जाता

बारावीचा निकाल लागला. ती मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली आणि आता बी.एस्सी. नर्सिंगला आहे. जाताना अक्कांनी तिला त्याच झाडाचा एक शेंडा दिला, खपली धरलेला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. "होस्टेलात दिवे रात्रभर असतात म्हणे. खोका मिळवशील ना?" एवढेच त्यांनी विचारले.

खोलीत आता दहावीच्या चार नव्या मुली बसतात. ट्यूबलाइट बारापर्यंत जळते. पंख्याचा खोका पलंगाखाली जपून ठेवला आहे, त्यावरच्या बेचाळीस रेघा तशाच आहेत.

आम्हीही एक धडा घेतला. जे झाड फुलत नाही त्याला नाव ठेवण्याआधी आपण त्याला कुठे ठेवले आहे ते पाहावे. पुष्कळदा दोष जागेचा असतो आणि बोल झाडाला लागतो. बाईच्या बाबतीतही हे किती वेळा घडते, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

तुमच्या खिडकीतल्या झाडांचे अनुभव जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात पावसाळ्यात कुंड्यांची निगा कशी राखावी, ते पाहू.